बाळाला टंग टाय (जिभेखालचा पडदा आखूड असणं) आहे म्हणतात. कापायचं की थांबायचं?

निशिगंधा_क
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. बाळंतपणाला माहेरी सांगलीला आलेय, मुलगी आता तिसऱ्या आठवड्यात आहे, पहिलंच बाळ. जन्मतः वजन २.९ किलो होतं. पहिल्या दिवसापासून पाजताना इतकं दुखतंय की ती भुकेने रडायला लागली की माझ्याच पोटात गोळा येतो. दोन्ही निपलना चिरा पडल्यात, एका बाजूने तर रक्त येतंय. ती तासतास छातीशी असते, मधेच चटचट आवाज येतो, दूध ओठाच्या कडेने गळतं, मग दमून झोपते आणि खाली ठेवली की परत रडं सुरू. दवाखान्यात असतानाच मला न विचारता तिला पावडरचं दूध दिलं होतं, ते आता रात्री एकदा तरी द्यावंच लागतं.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तोंडात बघून "थोडी टंग टाय आहे, पण होईल नीट" एवढंच सांगितलं. मैत्रिणीच्या ओळखीने एका डेंटिस्टना फोटो पाठवले तर ते म्हणाले जीभ आणि वरचा ओठ दोन्ही लगेच लेझरने मोकळं करा, नाहीतर पुढे बोलण्याचा, दातांचा, झोपेचा सगळ्याचाच प्रॉब्लेम. सासूबाई म्हणतात जीभ जड आहे, वेखंड लावा. आई म्हणते तुम्हाला आम्ही असंच वाढवलं, काही कापायचं नाही. नवरा पुण्यात, तो गूगल करून रोज नवीन लिंक पाठवतो. डोकं भणभणलंय. कुणी यातून गेलंय का?

कोकणकडा
अगं बाई, आधी एक घट्ट मिठी. यातून गेलेय. सविस्तर नंतर लिहिते, लेक उठलाय. पण तोवर दोन गोष्टी सांग, आत्ता वजन किती आहे आणि दिवसाला लंगोट किती ओले होतात? यावर सगळं अवलंबून आहे, फोटोवर नाही.

झोपमोड
मी न्यू जर्सीत असते. आमच्या मुलाला पाचव्या आठवड्यात लेझरने केलं, जीभ आणि ओठ दोन्ही. इथे हल्ली दर दुसऱ्या बाळाला टंग टाय निघतो की काय असं वाटतं. माझं दुखणं कमी झालं हे खरं. पण नंतर जे व्यायाम करायला सांगितले, दर काही तासांनी बोट घालून जखम ताणायची, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा, ते इतकं भयंकर होतं की बाळ माझा हात तोंडाजवळ आला तरी किंचाळायचं, मग छातीलाही नको म्हणायला लागलं. शेवटी आम्हीच ते बंद केलं आणि हळूहळू तो परत प्यायला लागला. त्यामुळे कर म्हणू की नको करू म्हणू, मलाच कळत नाही. ओठाचं मात्र उगीच केलं असं आता वाटतं.

शोभामावशी
निशिगंधा, बाळ, घाबरू नकोस. आमच्या वेळी वेखंड उगाळून मधातून चाटवायचे, जीभ हलकी व्हायची. माझी आजी सांगायची की सुईण बाळ जन्मल्याजन्मल्या करंगळीच्या नखानेच जिभेखालची शीर सोडवायची. कुणाला काही व्हायचं नाही. तुम्ही मुली फार वाचता.

उंटावरचा
मावशी, पाया पडतो पण मधाला हात लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, थेंबभरसुद्धा. त्यात बोटुलिझमचे जिवाणू सुप्तावस्थेत असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण इतक्या लहान आतड्यात ते वाढून अंगातली ताकद जाऊ शकते. वेखंड उगाळलेली सहाणही नको, सहा महिने फक्त दूध. आणि नखाचं म्हणाल तर ज्यांना जंतुसंसर्ग झाला ती बाळं आजीच्या गोष्टीत येत नाहीत, एवढंच म्हणतो.

निशिगंधा, मी बालरोगतज्ज्ञ आहे, धाग्यावर बसून तपासणी होत नाही हे आधीच सांगतो. जिभेखालचा पडदा सगळ्यांनाच असतो. तो दिसतो म्हणजे आजार नव्हे. न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये शवविच्छेदनावर काम झालं त्यात दिसलं की ती वेगळी दोरी वगैरे नाहीच, तोंडाच्या तळाशी पसरलेलं जे आवरण आहे त्याचीच जीभ उचलल्यावर उभी राहणारी घडी आहे, आणि माणसागणिक ती कमीजास्त असते. त्यामुळे फोटो बघून निदान करणाऱ्यापासून चार हात लांब. जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येते का, रडताना वर उचलली जाते का, कडेला वळते का आणि दूध ओढलं जातं का हे बोट घालून आणि पाजताना बघावं लागतं. जिभेच्या शेंड्यापर्यंत पडदा आलेला असेल, रडताना जिभेला मधोमध खाच पडत असेल तर तो सरळसरळ टंग टाय. "मागचा", "लपलेला" टंग टाय जो म्हणतात त्यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही.

२०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) पाच चाचण्या मिळून ३०२ बाळं होती. निष्कर्ष साधा आहे: कापल्यावर आईचं दुखणं थोड्या काळात कमी होतं, बाळाचं पिणं सुधारतंच असं मात्र सगळ्या चाचण्यांत दिसलं नाही. दूध पाजण्यासाठी वरच्या ओठाचा पडदा कापण्याला तर काहीच पुरावा नाही.

कोकणकडा
डॉक्टर, छान लिहिलंत, पण आईचं दुखणं कमी होतं हे तुम्ही असं लिहिलंय जसं काही ते बोनस आहे. रक्त येत असताना दिवसातून दहा वेळा पाजून बघा एकदा. ज्या आईचं दुखणं कमी होत नाही ती महिन्याभरात डबा उघडते, मग बाळाचं पिणं सुधारलं की नाही हे मोजायला उरतंच काय?

उंटावरचा
मान्य. वाक्य चुकीच्या तोऱ्यात गेलं. दुखणं हे कापण्याचं पुरेसं कारण असू शकतं, फक्त ते जिभेमुळेच आहे ना हे आधी बघा, एवढाच मुद्दा.

निशिगंधा_क
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, रडूच आलं वाचताना. वजन आज करून आले, ३.०५ आहे. लंगोट सात-आठ ओले होतात, शी पिवळी. पाजून झाल्यावर निपल तिरकं चपटं होऊन बाहेर येतं, टोक पांढरंफटक पडतं, मग जाळ होतो. तिची जीभ हिरडीच्या पुढे येताना मी तरी बघितली नाही, आणि रडताना मधोमध खाच पडते, हो. म्हणजे कापायचंच ना?

पळसपान
थांब गं, इतकी घाई नको. मी मुंबईत स्तनपान सल्लागार आहे. वजन जन्माच्या वर गेलंय, लंगोट सहाच्या वर आहेत, म्हणजे आज रात्री काही जीव जात नाहीये, तुला चार दिवस नीट बघायला वेळ आहे. वजन जन्माएवढंसुद्धा झालं नसतं तर मी वेगळं बोलले असते. तरी वाढ जरा सावकाशच आहे, या वयात दिवसाला वीस-तीस ग्रॅम तरी हवी, म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

बॉस्टनच्या एका रुग्णालयात टंग टायच्या ऑपरेशनसाठी पाठवलेल्या ११५ बाळांना आधी सगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून पाजताना तपासलं, त्यातल्या जवळजवळ ६३ टक्क्यांना ऑपरेशन लागलंच नाही. म्हणजे उरलेल्यांना लागलं, हेही तितकंच खरं. तू कुठल्या गटात आहेस ते लॅच, म्हणजे बाळाची छातीवरची पकड, सुधारल्याशिवाय कळणार नाही.

तर हे कर. पाठ टेकून सरळ बस, डाव्या बाजूला पाजतेयस तर बाळ उजव्या हाताने धर. तिचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं हवं, मान वळलेली नको. तळहात तिच्या खांद्यांमध्ये, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे. डोकं दाबायचं नाही, डोकं दाबलं की बाळ मागे ढकलतं. डाव्या हाताने छाती खालून यू आकारात धरून जरा दाब, वडापाव मोठा असला की आपण ओठांच्या दिशेने दाबून धरतो ना तसा. निपल तिच्या नाकासमोर आण, वरच्या ओठाला घास, ती तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत वाट बघ. अर्धवट उघडलं तर द्यायचं नाही, कितीही रडली तरी. मग हनुवटी आधी छातीत रुतली पाहिजे आणि खालच्या बाजूचा काळा भाग जास्त आत गेला पाहिजे. नाक मोकळं राहतं आपोआप. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडव, परत लाव. दात दाबून सहन करत बसायचं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे याच पकडीचे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत, फुकट, ते आईला आणि नवऱ्याला दोघांनाही दाखव कारण पहिले काही वेळा तिसरा हात लागतोच.

ज्या बाजूला रक्त येतंय ती बाजू फारच असह्य असेल तर एक-दोन दिवस त्या बाजूचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे, पण काढायचं सोडू नकोस, छाती दाटली तर वेगळंच लचांड. रात्रीचा पावडरचा डबा एकदम बंद करू नकोस, आधी तेवढंच स्वतःचं काढून त्याजागी द्यायला लाग. काढलेलं दूध बाहेर चार तास, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धर, फ्रिजमध्ये चार दिवस.

झोपमोड
मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. इथे पाच मिनिटांत तोंडात बघून थेट कन्सेंट फॉर्म दिला. विमा कंपनीने अर्धेच पैसे दिले ते वेगळंच.

लीड्सकर
यूकेतला अनुभव देते. आमची मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर (घरी येऊन बाळ बघणारी नर्स) दोघींनी पाजताना बघितलं, फॉर्म भरला, आणि मग एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, वाट बघणं. काही जण तोवर खाजगीत जाऊन येतात. केलं तेव्हा अक्षरशः दुपट्यात गुंडाळलं, एकीने डोकं धरलं, दुसरीने गोल टोकाच्या कात्रीने एक टच् केलं आणि लगेच माझ्याकडे दिलं, पाज म्हणाल्या. भूल नाही, टाका नाही. इतक्या लहानपणी भुलीशिवाय होतं, बाळ काही महिन्यांचं झालं की पूर्ण भूल द्यावी लागू शकते. जीभ ताणायचे व्यायाम आम्हाला कुणी सांगितले नाहीत, फक्त "वरचेवर पाज, जीभ बाहेर काढून वाकुल्या दाखव, ती नक्कल करेल".

आणि अवांतर, इथे फ्रॉस्टी नावाची मोठी चाचणी सुरू केली होती, कापल्याने स्तनपान खरंच टिकतं का हे बघायला. ८७० बाळं हवी होती, १६९ वर थांबवावी लागली, एक तर कोविड आणि दुसरं म्हणजे ज्यांना न कापण्याच्या गटात टाकलं त्यातल्या बऱ्याच आयांनी वाट न बघता कापून घेतलं. २०२३ ला छापून आलं, निष्कर्ष काय तर ठाम सांगता येत नाही. मला त्या आयांचं पटतं.

उंटावरचा
मलाही पटतं, पण त्यामुळेच आम्हाला अजून नीट उत्तर मिळत नाही :)

जखम ताणायच्या व्यायामांबद्दल झोपमोड यांनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये टंग टायवर अहवाल काढला, त्यातही हे ताणणं करू नका असाच सूर आहे, बाळ तोंडाला काही लावू देईनासं होऊ शकतं. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचाही चांगला पुरावा नाही, महाग मात्र नक्की.

करायचं ठरलंच तर आधी दोन प्रश्न विचारून घ्या. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का (डिस्चार्ज कार्डावर असतं), आणि दोन्ही घरांत कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का. आत्या, मामा, आजोळ सगळीकडे विचारा. आपल्याकडे "त्याला जरा जास्तच रक्त यायचं" एवढ्यावर विषय संपवतात.

शोभामावशी
मधाचं मला खरंच माहीत नव्हतं डॉक्टर. नातीच्या जन्मावेळी सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली होती आम्ही. आता सुनेला सांगते, दुसऱ्याच्या वेळी नको. निशिगंधा, आळीवाची खीर घेतेस ना?

निशिगंधा_क
घेतेय मावशी, खीर, डिंक, मेथी, सगळं चालू आहे, आता भाकरीसुद्धा लाडवासारखी लागते.

अपडेट. पळसपान ताईंनी सांगितलं तशी पकड बदलली. पहिला दिवस नुसती रडारड, तिची आणि माझी. आई बाजूला बसून "असं कुठे धरतात का बाळाला" म्हणत होती, मग व्हिडिओ बघून तीच मला सांगायला लागली की हनुवटी बघ, हनुवटी बघ. उजव्या बाजूला बराच फरक पडला, चीर भरत आली. डावीकडे अजून निपल चपटंच येतं आणि चटचट आवाज गेला नाही. मिरजेला एका लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी बोट घालून बघितलं, मग मला समोर पाजायला लावलं (हे करणारे पहिलेच डॉक्टर), म्हणाले पडदा शेंड्यापर्यंत आहे, पकड सुधारून जेवढं व्हायचं तेवढं झालंय, करू या. ओठाचं विचारलं तर हसले, म्हणाले त्याला हात लावायचा नाही. के चं इंजेक्शन कार्डावर होतं. सासरी फोन करून विचारलं, सासूबाई आधी चिडल्या की आमच्या घराण्यात असलं काही नाही, मग स्वतःच चुलतसासऱ्यांना फोन लावून खात्री करून घेतली.

केलं. ओपीडीतच. मी आत थांबले नाही, नवरा थांबला, तो पुण्याहून आला होता मुद्दाम. माझ्यापर्यंत रडण्याचा आवाज आला आणि लगेच ती माझ्या हातात, गॉजला दोन-चार थेंब रक्त. लगेच प्यायली.

पळसपान
शाब्बास! आता एक सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. जिभेखाली पांढरा-पिवळा चौकट आकाराचा चट्टा दिसेल, तो पू नाही, जखम तशीच भरते, आठवडा-दोन आठवड्यांत जाईल. त्यावर हळद, तूप, मध, टाकणखार काही लावायचं नाही. ताप आला, रक्त परत वाहायला लागलं किंवा पीतच नाहीये असं वाटलं तर मात्र सरळ डॉक्टर. वेदनेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नकोस, इतक्या लहान बाळाला डोस वजनावर असतो.

आणि उद्यापासून सगळं आलबेल होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. ती जन्मापासून हिरड्यांनी चावून प्यायला शिकलीय, आता जिभेने ओढायला शिकायचंय. काही बाळं त्याच दिवशी शिकतात, काहींना पंधरा दिवस लागतात, अधेमधे एखादा दिवस आधीपेक्षा वाईट जातो. पकड तीच ठेव.

कोकणकडा
हे दुसरं पाऊल कुणी सांगत नाही बघ. माझ्या लेकाचं कापलं नाही शेवटी, त्याचा नुसता लॅचचाच घोळ निघाला. पण माझ्या जावेच्या मुलाचं कापलं आणि ती दुसऱ्या दिवशी फोनवर ओक्साबोक्शी, की एवढं करून काहीच फरक नाही. तिला वाटलं होतं की कापलं म्हणजे प्रश्न मिटला. तिचं दूध तोपर्यंत इतकं कमी झालेलं की ते वाढवण्यातच सगळी मेहनत गेली, दिवसरात्र पंप. जीभ मोकळी होते एका मिनिटात, दूध नाही वाढत.

निशिगंधा_क
अगदी हेच होतंय. दुखणं खरंच उतरलंय, पाजताना दात दाबावे लागत नाहीत, चटचट आवाजही कमी. पण डावीकडे दूध उजवीपेक्षा कमी आहे हे आता कळतंय. पाजून झाल्यावर काढते, जे निघेल ते वाटीत. वजन ३.३ झालं. पावडर अजून पूर्ण सुटली नाही आणि खरं सांगू का, त्याचं मी आता फार मनाला लावून घेत नाही. सुटेल तेव्हा सुटेल. आणि मालिशवाल्या मावशींना तिच्या तोंडात बोट घालू द्यायचं नाही हे सांगायला मला कापण्यापेक्षा जास्त हिंमत लागली, त्या रुसून दोन दिवस आल्याच नाहीत.

बाबा_ऑन_ड्युटी
सगळा धागा वाचला, फार उपयोगी. इथे आईच जास्त लिहितात म्हणून जरा बिचकतच विचारतो. आमचा मुलगा तीन वर्षांचा होईल. लहानपणी नीट प्यायचा, कधी काही त्रास नव्हता. आता "बाळ"ला "बाल" म्हणतो, "शाळा"ला "शाला". शाळेतल्या बाईंनी जीभ बघायला सांगितली, तर थोडा पडदा दिसतो म्हणे. शेजारचे म्हणतात आत्ताच कापा नाहीतर बोबडा राहील.

उंटावरचा
बोलायला उशीर होणं आणि टंग टाय यांचा संबंध नाही हे आधी डोक्यातून काढा. उच्चारांवर थोडा परिणाम होऊ शकतो काही जणांमध्ये. पुढे बोलण्याचा त्रास होईल म्हणून तान्हेपणीच कापून ठेवा, याला आधार नाही. बाकी यातल्या जाणकारांनी बोलावं.

खडीसाखर
मी स्पीच थेरपिस्ट. तीन वर्षांच्या मुलाने ळ चा ल करणं अगदी नेहमीचं आहे, ळ, र, ष असली अक्षरं उशिरा बसतात. घरच्यांना त्याचं बोलणं कळतं का, बाहेरच्यांना बऱ्यापैकी कळतं का, दोन-तीन शब्दांची वाक्यं करतो का ते बघा. आणि आरशासमोर बसवून जिभेचं टोक वर टाळूला लावायला सांगा, आइस्क्रीम वरच्या ओठावर लावून चाटायला सांगा. ते जमत असेल तर जीभ पुरेशी हलतेय, कापून ळ येणार नाही. जमत नसेल आणि ट, ड, ण, ल, न सगळेच गडबडत असतील तर थेरपिस्टकडे प्रत्यक्ष दाखवा, ते बघतील आणि लागलंच तर कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवतील. या वयात कापायचं म्हणजे भूल द्यावी लागते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नको. कानही एकदा तपासून घ्या, वरचेवर सर्दी होत असेल तर कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि उच्चार तिथूनच बिघडतात, आमच्याकडे जीभ दाखवायला आलेल्या मुलांमध्ये हे निघतं अधूनमधून.

बाबा_ऑन_ड्युटी
आत्ताच आइस्क्रीम लावून बघितलं. ओठ, नाक, हनुवटी सगळं चाटून पुसून स्वच्छ. अजून हवंय म्हणतोय. सर्दी मात्र असते त्याला सारखी, कानाची अपॉइंटमेंट घेतो.

खडीसाखर
घ्या. रिपोर्ट आला की इथे लिहा, आणि सर्दीचा मुलगा आहे तर आइस्क्रीम परत देऊ नका, पुढच्या वेळी गूळ लावा.